जुन्या ट्रकचा मागचा रेशो काढताना माझं काय काय चुकलं

गॅरेजमध्ये नवीन होतो तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, "बघ रे, या गाडीला मागे कुठला रेशो बसलाय," (म्हणजे मागची चाकं एक फेरी फिरायला शाफ्टला किती फेऱ्या लागतात) आणि मी दहा मिनिटांत उत्तर घेऊन हजर. मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रलला, चाक हाताने बरोबर एक फेरी फिरवलं आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा लांब दांडा) किती फिरला ते मोजलं, तर साडेतीनच्या थोडं आत. रेशोंचा चार्ट उघडला तर त्यात ३.४२ छापलेलंच! जुळलं म्हणून मी खूश. मिस्त्री हसले नाहीत, फक्त विचारलं, "दुसरं चाक कुठं होतं तेव्हा?"

दुसरं चाक जमिनीवर होतं, आणि सगळी गडबड तिथेच होती. डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या मधली गिअरची जोडणी, ती दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देते. त्यात शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे क्राऊन. क्राऊनचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी असतो. एक चाक थांबलेलं आणि दुसरं एक फेरी फिरलं म्हणजे क्राऊन फक्त अर्धी फेरी फिरला, त्यामुळे मी मोजला तो अर्धा रेशो. खरा होता ६.८३. वाईट म्हणजे ३.४२ हा सुद्धा खराखुरा रेशो आहे, १२ दातांचा पिनियन आणि ४१ दातांचा क्राऊन, त्यामुळे चूक अगदी बरोबर उत्तरासारखी दिसली. रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढंच असतं ते. ४१ भागिले ६ म्हणजे ६.८३, ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६. आकडा मोठा तर ओढ जास्त, पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार आणि डिझेलही त्या मानाने पिणार.

आता मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण यात घाई केली की माणूस गाडीखाली जातो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला आणि मागचं चाक हवेत, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही हे लक्षात घ्या. आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, जमीन सपाट, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, एक्सलखाली स्टँड पाहिजेच. एअर ब्रेकची गाडी असेल तर टाकीत हवा नसताना स्प्रिंग ब्रेक (स्प्रिंगने लागणारा आणि हवेच्या दाबाने सुटणारा) सुटतच नाही, चाक हलत नाही म्हणून नवीन पोरं उगाच जोर काढत बसतात, आधी हवा भरू द्या मग इंजिन बंद करा.

शाफ्टवर खूण करायला मी आधी खडू वापरायचो, पण ग्रीस आणि धुळीच्या थरावर खडू कुठला टिकतोय. आता पिनियनच्या फ्लँजजवळ, म्हणजे शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडलेला असतो तिथे, एक पट्टा चिंधीने पुसून घेतो, त्यावर पांढऱ्या पेंटचा ठिपका, आणि डिफरन्शियलच्या न फिरणाऱ्या हाउसिंगवर त्याच्या समोर दुसरा ठिपका. चाकाला वेगळी खूण लागत नाही, हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आला की एक फेरी. सुरू करायच्या आधी चाक ज्या दिशेला फिरवणार त्याच दिशेला थोडं ढकलून सगळा प्ले (दातांमधली मोकळी जागा) काढून घ्या आणि मगच शून्य धरा, जुन्या गाडीत दातांमधला प्ले इतका असतो की शाफ्ट हलायच्या आधी चाक बोटभर तरी फिरतं.

आणि एक-दोन फेऱ्यांवर थांबू नका. एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं २० फेऱ्या फिरवा, म्हणजे क्राऊनच्या १० झाल्या, शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या येतील त्याला १० ने भागा. माझ्या त्या गाडीला अडुसष्ट आणि वर थोडं आलं. पिकअपमध्ये तर हे फारच लागतं, कारण तिथे ३.५५ आणि ३.७३ असे जवळजवळचे रेशो असतात, दोन फेऱ्यांत ते ओळखू येत नाहीत पण २० फेऱ्यांत साडेपस्तीस की सदतीसच्या पुढे ते सरळ कळतं. एकाने चाक फिरवायचं, एकाने शाफ्टचे ठिपके मोठ्याने मोजायचे, मध्ये कोणी बोलायचं नाही (आमच्याकडे त्रेपन्नला नेमका कोणाचा तरी फोन वाजायचा).

लॉक किंवा लिमिटेड स्लिपवाला डिफरन्शियल (जो दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो) असेल तर हा हिशोब लागू नाही. ओळखायला दोन्ही चाकं उचला आणि एक फिरवा, दुसरं उलटं फिरलं तर साधा, त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप किंवा लॉक. दोन्ही सोबत फिरत असतील तर अर्ध्याची भानगडच नाही, चाकाच्या १० फेऱ्या म्हणजे क्राऊनच्याही १०. टू-स्पीड एक्सल, म्हणजे एकाच एक्सलमध्ये दोन रेशो, असेल तर लो आणि हाय दोन्हीत वेगळं मोजायला लागतं. मागे दोन ओढणारे एक्सल असतील तर त्यांच्या मध्ये अजून एक डिफरन्शियल असतो, तिथे अर्ध्याचं परत अर्धं होतं, सुरुवातीला त्या गाडीवर हात शिकू नका.

आता तुम्ही म्हणाल एवढं अंग कशाला काळं करायचं, एक्सलवर पट्टी असते की. असते, बऱ्याच पिकअपला डिफरन्शियलच्या कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, फोर्डच्या पट्टीवर ३ एल ७३ असं दिसलं तर ३.७३ आणि मधला एल म्हणजे लिमिटेड स्लिप. जनरल मोटर्सच्या पिकअपला स्टिकरवर कोड असतो, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. पण पट्टी आणि स्टिकर एवढंच सांगतात की कारखान्यातून निघताना आत काय होतं. माझ्या त्या ट्रकच्या पट्टीवर ५.८६ होतं.

अजून एक पद्धत लोक सांगतात, चालत्या गाडीत आरपीएम, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या, बघायचा. पद्धत चांगली आहे, ६० च्या स्पीडला गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते त्यामुळे हिशोबही सोपा. टायरची एक फेरी जमिनीवर खूण करून मोजली ती ३.२ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ३१२ फेऱ्या. डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे ज्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, आरपीएम भागिले ३१२ केलं की रेशो. (डायरेक्टच पाहिजे, टॉप गिअर ओव्हरड्राइव्ह असला, म्हणजे शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरत असला, तर उत्तर भलतंच कमी येतं.) मी मीटरवर ६० पकडले, आरपीएम १८३० च्या आसपास, भागून आलं ५.८६. पट्टीशी जुळलं! म्हणजे हाताने मोजलेलं ६.८३ चुकीचं?

मी परत गाडीखाली गेलो, परत अडुसष्ट. तेव्हा मिस्त्रींनी फोनवर जीपीएस लावून गाडी चालवायला सांगितलं. मीटर ७० दाखवत होता तेव्हा जीपीएस ६० दाखवत होता. त्या गाडीला स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, त्याला बिचाऱ्याला फक्त प्रोपेलर शाफ्ट किती फिरतोय ते कळतं, पुढे कुठला क्राऊन बसलाय ते नाही. आधीच्या मालकाने ओढीसाठी क्राऊन-पिनियन बदलला आणि मीटर तसाच ठेवला, म्हणून मीटर धरून हिशोब केला की जुनाच रेशो बाहेर येणार, कितीही वेळा करा. खऱ्या ६० ला आरपीएम बघितला तर २१३० च्या जवळ.

ऑइल बदलायच्या वेळी कव्हर उघडलं तेव्हा क्राऊनच्या कडेला ४१ आणि ६ कोरलेले दिसले. पण त्याआधीच ही गाडी विकत घेणाऱ्याला दुसरी गोष्ट सांगावी लागली होती, ओडोमीटर (एकूण किलोमीटर मोजणारा मीटर) सुद्धा त्याच सेन्सरवर चालतो, म्हणजे क्राऊन बदलल्यापासून दर ६ किलोमीटरला त्याने ७ मोजलेत. क्राऊन कधी बदलला ते विकणाऱ्याला आठवत नव्हतं.