टेबलाचं भरीत होतंय? पायथनमध्ये मराठी कॉलम लावताना या चुका टाळा

आमच्या काकांचा रावेरकडे केळीचा धंदा आहे, त्यांच्यासाठी मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, गाव, क्विंटल, भाव, रक्कम असं टेबल रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं. पहिल्याच दिवशी काकांचा फोन, "काय रे भो, हे आकडे दारू पिऊन आले का?" कारण यावलची ओळ एकीकडे, मुक्ताईनगरची भलतीकडेच. मग दोन दिवस त्यातच गेले, म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेनवर (len, मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) भरवसा. पायथनचं लेन अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजतं. "धुळे" दिसायला दोन अक्षरं, पण उकार आणि मात्रा वेगळी धरून लेन सांगतं ४. "मुक्ताईनगर" डोळ्याला सहा, लेनला १०. आता तुम्ही एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात किंमती बसवून छापायची पायथनची सोय) १२ ची रुंदी दिली तर धुळ्याला ते ८ स्पेस लावतं, पाहिजे होते १०, झाली ओळ वाकडी. बरं, लांब नाव कापायला .१२ लावाल तर अक्षर अर्ध्यात तुटून नुसतं हलंत उरू शकतं, ते तर अजून घाण दिसतं.

टॅब्युलेट (tabulate, टेबल आखून देणारी) लायब्ररी वापरत असाल तर डब्ल्यूसीविड्थ (wcwidth, अक्षर पडद्यावर किती जागा घेतं ते सांगणारी लायब्ररी) पण इन्स्टॉल करा, ते असलं की टॅब्युलेट आपोआप त्याच्याकडून रुंदी मोजून घेतं. फरक पडतो, पण पूर्ण नाही, कारण काना आणि वेलांटीला जागा द्यायची की नाही हे व्हर्जनप्रमाणे आणि टर्मिनलप्रमाणे बदलतं, वर मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) फॉन्टात बऱ्याचदा देवनागरी नसतेच, मग दुसराच फॉन्ट घुसतो आणि मोजलेलं सगळं पाण्यात. माझा जुगाड सोपा आहे: मराठी कॉलम शेवटी टाका. आकडे आधी, गावाचं नाव सगळ्यात उजवीकडे, फॉरमॅट "प्लेन" किंवा "सिंपल", म्हणजे उजव्या बाजूला उभी रेघच नाही. त्याच्यापुढे काही लावायचंच नसेल तर नाव किती का रुंद असेना! दिसायला आधी उलटं वाटतं, काकांना दोन दिवसात सवय झाली.

आता आकड्यांचं. टॅब्युलेट दशांशाची संख्या डिफॉल्टने सहाच महत्त्वाच्या अंकांत दाखवतं, त्यामुळे १२४५६७५.५० रुपयांचं झालं १.२४५६८ई+०६. व्यापाऱ्याला असं पाठवून बघा, हिशोब राहील बाजूला, तुम्हालाच ऐकावं लागेल. फ्लोटएफएमटी (floatfmt, दशांश कसे छापायचे ती सेटिंग) मध्ये पॉइंट टू एफ (.2f, म्हणजे दोन दशांश) द्या, मिटला विषय.

दुसरं, रिकाम्या जागी हाताने डॅश टाकू नका. एका डॅशमुळे पूर्ण कॉलम मजकूर समजला जातो, सगळे आकडे डावीकडे सरकतात आणि वर दिलेलं फ्लोटएफएमटी पण लागत नाही. तिथे नन (None, पायथनची "काही नाही" ही किंमत) ठेवा आणि मिसिंगव्हॅल (missingval, रिकाम्या जागी काय छापायचं ती सेटिंग) मध्ये डॅश द्या. आपल्या पद्धतीने १,२३,४५६ असा स्वल्पविराम टाकलेला आकडाही त्याला मजकूरच वाटतो, तेव्हा कॉलअलाइनने (colalign, कॉलम कुठल्या बाजूला लावायचा ती सेटिंग) त्या कॉलमला राइट सांगावं लागतं.

उलटंही होतं! मजकुराचा आकडा. आमच्या एका गाडीचा लॉट होता १२ई३, मधला ई इंग्रजी (12e3), तो दहाचा घात समजला गेला आणि टेबलात आलं १२०००, मी अर्धा तास डेटा तपासत बसलो. तसंच मराठी अंकांत १२.५ लिहिलं तरी पायथनला ते संख्या म्हणून कळतं आणि छापताना अंक इंग्रजी होऊन येतात. दोन्हीला उपाय एकच, डिसेबल नमपार्स ट्रू करा (disable_numparse=True, मजकुरातून आकडे ओळखणं बंद), फक्त मग आकडे स्वतः फॉरमॅट करून द्यायचे.

एक्सेलमधून कॉपी केलेल्या नावांत कधीकधी न दिसणारे स्पेस आणि जोडाक्षराचे जॉइनर (जोडाक्षराचा आकार ठरवणारी न दिसणारी खूण) असतात, लेन त्यांनाही मोजतं, म्हणून ते आधी तपासा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना टेबलाच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (```) लावायला विसरू नका, नाहीतर साध्या फॉन्टात स्पेसला किंमतच नाही. ओळ लांब झाली की मोबाईलवर दुमडते, म्हणून मी भावाचा कॉलम काढून टाकला, तो तसाही सगळ्यांना पाठ असतो. रेघांची चौकट पाहिजेच असेल तर टॅब्युलेटमधूनच एचटीएमएल फॉरमॅट काढा, त्याला बॉर्डरची स्टाइल स्वतः लावा (ती आपोआप येत नाही) आणि ब्राउझरमध्ये उघडा, तिथे रुंदी ब्राउझर बघतो.