शाखा तीन, तर गूगलवर प्रोफाइलही तीन

वडोदऱ्यात दांडिया बाजार, अलकापुरी आणि मांजलपूर अशा तीन ठिकाणी फरसाणाची दुकानं असतील, तर प्रत्येक दुकानाचं वेगळं गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारं दुकानाचं माहितीपान, हवं. ‘माझ्या जवळ’ शोधणाऱ्याला निकाल दाखवताना गूगल अंतरही पाहतं. एकाच प्रोफाइलवर तिन्ही पत्ते बसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. पाटीवर जे लिहिलंय तेच नाव टाका. पुढे ‘बेस्ट फरसाण अलकापुरी’ जोडलं, तर प्रोफाइल बंद पडू शकतं आणि ते परत मिळवण्यात सणाचे दिवस हातचे जातात. भागाचं नाव पत्त्यात आणि वर्णनात येऊ द्या. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, कुठे बडोदा, कुठे वडोदरा असं नको. नकाशावरची पिन दुकानाच्या दारापर्यंत ओढा. जुन्या पेठेत ती मागच्या गल्लीत पडली, तर गिऱ्हाईक फिरत बसतं.

प्रत्येक शाखेचा फोन वेगळा ठेवा. वेबसाइटची लिंक मुखपृष्ठाची देऊ नका. त्या शाखेचं स्वतंत्र पान करा, त्यावर तिथले फोटो, वेळा आणि पार्किंगची माहिती द्या. तोच मजकूर तीनदा चिकटवलेली पानं फारशी उपयोगी पडत नाहीत.

दुकान खरंच तिथे आहे आणि तुमचंच आहे हे गूगलला दाखवण्यासाठी पडताळणीचा व्हिडिओ लागला, तर तो न कापता, सलग काढा: रस्ता, पाटी, मग कुलूप उघडून आत.

उत्तरायणाच्या, दिवाळीच्या वेळा प्रोफाइलच्या ‘विशेष वेळा’मध्ये आठवडाभर आधी भराव्यात.