गोठलेल्या धबधब्यावर चढताना ऊब आणि लक्ष कसं टिकवावं

सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेला आरोहक जानेवारीत गोठलेले धबधबे चढायला हिमाचलमधल्या स्पितीला गेला की पहिल्या दिवशी चक्रावतो. हात भक्कम असतात, रोपचं काम अंगवळणी पडलेलं असतं, आणि तरी अर्ध्या तासात बोटं ऐकेनाशी होतात. स्पितीतलं काझा हे गाव ३,६०० मीटरच्याही वर आहे, हिवाळ्यात रात्री पारा उणे २० च्या खाली उतरतो आणि आसपासच्या नाळांमधले धबधबे उभेच्या उभे गोठतात. तिथे जायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा: चढणारा सहसा गारठत नाही, गारठतो तो खाली उभा राहून बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणारा. मग त्याची पाळी येते आणि तो गारठलेल्या बोटांनी चढायला लागतो. म्हणून तयारी करायची ती उभं राहण्याच्या वेळेची.

पोहोचण्याची घाई नको

हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला-किन्नौरमार्गे जावं लागतं. हे फायद्याचंच आहे. कल्पा, ताबो असे मुक्काम करत गेलात तर शरीर उंचीला हळूहळू सरावतं. काझाला पोहोचल्यावर किमान दोन दिवस नुसतं फिरा. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, अशा अवस्थेत चढाईला जाऊ नका. विरळ हवेत थंडीही जास्त बाधते.

बर्फावरचं तंत्र मात्र आधीच शिकलेलं हवं. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांच्या बेसिक कोर्समध्ये ते हिमनदीवर शिकवतात. स्पितीत पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अनुभवी गाइडबरोबर आणि वरून बांधलेल्या रोपवरच चढावं.

घाम येऊ देऊ नका

पायथ्यापर्यंतच्या चालीत घामाने भिजलात तर दिवस तिथेच हातचा गेला. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे घाला. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन खोलीवरच ठेवा, ओलं झालं की ते अंगावर बर्फासारखं चिकटून बसतं. पोहोचताच घामेजलेला आतला थर बदला, आणि तो बदलल्याबरोबर पिसांचं मोठं जाकीट सगळ्यावरून चढवा. थंडी वाजायची वाट बघू नका. एकदा निघून गेलेली ऊब परत आणायला फार वेळ लागतो.

हात

माझ्या मते हातमोज्यांवर जितका विचार कराल तितका थोडाच. किमान तीन जोड घ्या: चालीसाठी पातळ, चढाईसाठी पकड जाणवेल असे मध्यम, आणि बिले देताना घालायचे जाड. जो जोड हातात नाही तो जाकिटाच्या आत, छातीशी. सॅकच्या कप्प्यात ठेवलेले मोजे बाहेर काढता तेव्हा लाकडासारखे कडक झालेले असतात.

चढताना दोन्ही हात डोक्याच्या वर असतात आणि टूलची, म्हणजे बर्फात रुतवायच्या छोट्या कुदळीची, मूठ घट्ट आवळलेली असते. थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्यांतून मग बोटांपर्यंत रक्त पोहोचतच नाही. खरा त्रास होतो तो हात खाली आणल्यावर. रक्त परत येतं तेव्हा नखांच्या खालून सुया टोचल्यासारखी कळ उठते, पोटात ढवळतं, डोळ्यांतून पाणी येतं. मला पहिल्यांदा हे झालं तेव्हा हात काखेत दाबून बर्फात गुडघ्यांवर बसून राहिलो होतो. बाहेरचे आरोहक याला ‘स्क्रीमिंग बार्फीज’ म्हणतात. कळ काही मिनिटांत ओसरते, पण अर्ध्या चढाईत आली तर लक्ष पार विस्कटतं.

ती टाळता येते. चढण्याआधी हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा, बोटांच्या टोकांपर्यंत ऊब आलेली जाणवली पाहिजे. टूल बर्फात रुतलं की मूठ सैल करा, जोर फक्त घाव घालतानाच लावायचा. दर चार-पाच घावांनंतर एकेक हात खाली सोडून झटका. रोप अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू डोक्यावर लावत बसू नका. कमरेच्या उंचीवर लावा, म्हणजे हात खालीही राहतो आणि जोरही नीट लागतो.

पाय

दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करण्यापेक्षा एकच जाड जोड बरा. बुटात बोटं हलली पाहिजेत. बिले देताना ती सतत हलवत राहा आणि थेट बर्फावर उभं न राहता सॅकवर किंवा मॅटच्या तुकड्यावर उभे राहा. चढताना टाचा किंचित खाली ठेवा. टाच उचलली की पोटऱ्या पेटतात आणि क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या लोखंडी दातांच्या पट्ट्यांचे) पुढचे दातही निसटतात.

चढताना लक्ष कुठे ठेवावं

कडाक्याच्या थंडीत बर्फ ठिसूळ होतो. फुगवट्यावर घाव घातला तर ताटाएवढी कपची सुटून अंगावर येते. म्हणून घाव खळग्यात घाला, किंवा आधीच्या आरोहकाने पाडलेल्या खाचेत टूल अडकवा. घावाचा आवाज ऐका. ‘ठक्’ असा भरीव आवाज आला तर टूल बसलं. पोकळ खणखणाट झाला तर दुसरी जागा शोधा.

क्रम एकच ठेवा: एक टूल वर बसवा, ओढून बघा, हात सरळ ठेवून त्याला लटका, मग चार छोटी पावलं टाकून पाय वर घ्या. पाय स्थिरावले की एक लांब श्वास सोडा आणि मगच पुढचा घाव. आपण भराभर घाव घालतोय असं जाणवलं तर ती घाबरल्याची खूण आहे. तिथेच थांबा आणि श्वासाकडे या.

बिले देणाऱ्याने चढाईच्या सरळ रेषेत उभं राहू नये, एका बाजूला आडोसा धरावा. आज्ञा आधीच ठरवून घ्या, वाऱ्यात लांब वाक्यं ऐकू जात नाहीत.

खाणं, पाणी आणि माघार

थर्मासमध्ये कोमट गोड पाणी किंवा सूप न्या. साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. चॉकलेट दगड होतं, म्हणून खाऊ आतल्या खिशात हवा. संक्रांतीच्या सुमारास जाणार असाल तर घरचे तिळाचे मऊ लाडू न्या. तीळ-गुळाइतकं जोमदार खाणं तिथे क्वचितच मिळतं.

एकमेकांकडे बघत राहा. जोडीदार अडखळायला लागला, त्याचे शब्द जड झाले, हातातून कॅरॅबिनर (रोप अडकवायच्या धातूच्या कड्या) निसटायला लागले किंवा तो उगाच चिडायला लागला, तर शरीराचं तापमान उतरतंय. ‘मी ठीक आहे’ यावर विश्वास न ठेवता त्याला खाली घ्या, कोरडे कपडे आणि गरम पेय द्या. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. काखेत धरून ऊब द्या. रंग आणि जाणीव परत आली नाही तर सरळ डॉक्टर गाठा.

उतरून खोलीवर आलात की बुटांचे आतले अस्तर काढून तंदूरपासून (खोली गरम करणाऱ्या शेगडीपासून) थोड्या अंतरावर वाळवा, फार जवळ नको. ओलसर हातमोजे झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घ्या. सकाळी ते कोरडे आणि कोमट मिळतात.