वन्यप्राण्यांजवळ कसे वागावे: मुलांना घरीच शिकवा

नागपूरला लागूनच गोरेवाड्याचे जंगल आहे आणि पेंच, उमरेड-कऱ्हांडला येथील सहली मुलांच्या परिचयाच्या असतात. त्यामुळे त्यांना वाघ-बिबट्याची नुसती भीती घालण्यापेक्षा त्या प्राण्यांसमोर कसे वागावे हे समजावून सांगावे. बिबट्या दिसल्यास पळायचे नाही, बसायचे किंवा वाकायचेही नाही, कारण पळणारी किंवा बुटकी आकृती त्याला भक्ष्यासारखी वाटू शकते. त्याच्याकडे तोंड ठेवून, ताठ उभे राहून सावकाश मागे सरकायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. हे अंगणात प्रत्यक्ष करून घ्यावे, म्हणजे अंगवळणी पडते.

पावसाळ्यात मात्र वाघापेक्षा सापाशीच गाठ पडण्याचा संभव अधिक असतो. मुलांनी साप ओळखण्याच्या फंदात पडूच नये, असे माझे ठाम मत आहे, कारण विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत मोठ्यांचीही गफलत होते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून काही चावल्याची नुसती शंका आली तरी मुलाने लगेच सांगावे, आणि त्याबद्दल रागावणार नाही असा शब्द आईवडिलांनी त्याला आधीच द्यावा. दंश झाल्यास जखम कापू किंवा चोखू नये, आवळपट्टी बांधू नये, मुलाला शांत ठेवून थेट नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा मेयो रुग्णालय गाठावे.

माकडांना खाऊ देऊ नये. जखमी प्राणी आढळल्यास त्याला हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये अशा प्राण्यांवर उपचार होतात.