अमेरिकेत दुसऱ्या राज्यात वाइन पाठवायची तर

मी वायनरीत पार्सलं बांधते, म्हणून सांगते. टपालाचा विचार सोडा, यूएसपीएसला, म्हणजे सरकारी टपालखात्याला, दारू चालतच नाही. यूपीएस, फेडेक्स या कुरिअर कंपन्याही खासगी माणसाकडून घेत नाहीत. खोक्यावर ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिणारे भेटतात, तो शहाणपणा नको. परवाना असलेल्या वायनरीकडूनच मागवा. त्याआधी पत्त्याचं राज्य बघा. १९३३ च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली, पण नियम राज्यांच्या हाती गेले. युटा राज्यात वायनरीतून थेट घरी बाटली जात नाही. आणि वाइन चालते तिथे व्हिस्की चालेलच असं नाही. पत्ता शक्यतो ऑफिसचा द्या: सही २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचीच लागते, दाराशी ठेवून जात नाहीत. दुपारी घरी असतं कोण?