नीट-सीईटीचं टेन्शन घालवताना या चुका टाळा

लालबागमधल्या एका अभ्यासिकेची चावी गेली 8 वर्षं माझ्याकडे आहे. सकाळी सहाला कुलूप काढायचं, रात्री अकराला लावायचं. फेब्रुवारी उजाडला की पोरं नखं खायला लागतात, चहाच्या फेऱ्या वाढतात आणि एखाद्या संध्याकाळी जिन्यात कुणीतरी रडत बसलेलं सापडतं. एवढं बघून माझं मत असं झालंय की अभ्यासाचं टेन्शन एकपट, ते घालवायला केलेल्या उपायांचं दुप्पट.

सगळ्यात आवडता उपाय म्हणजे नवी टेस्ट सिरीज, म्हणजे सराव पेपरांचा संच. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मार्क घसरले की दुसऱ्या दिवशी आणखी एक विकत! गेल्या वर्षी एक मुलगी नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, सलग तीन मॉकमध्ये 720 पैकी 480 च्या आसपास अडकली होती आणि चौथीला बसायची घाई करत होती. म्हटलं, बाई, आधी तिसरीचा पेपर काढ. वहीच्या पानावर तीन रकाने पाडले: 'येतच नव्हतं', 'येत होतं पण चुकलं', 'तुक्का'. चुका 32. पहिल्या रकान्यात 11, तुक्क्यात 7 आणि मधल्यात चक्क 14. येणारा प्रश्न चुकला की हक्काचे 4 जातात आणि वर दंडाचा 1, म्हणजे प्रत्येकी 5. चौदा पंचे सत्तर! कुठे 'चुकीचं विधान कोणतं' असं विचारलेलं, तर हिनं बरोबर विधानाचा गोल रंगवलेला. कुठे रफ वर्कमध्ये उत्तर बरोबर, गोल रंगवायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर भलतंच. मग तिनं चौथी मॉक आठवडाभर पुढे ढकलली आणि तेवढ्या दिवसांत फक्त प्रश्नातल्या अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावून घेतली. मार्क नंतर वाढले, पण रडणं त्याच दिवशी थांबलं. आपलं नेमकं काय बिघडलंय ते कळलं की निम्मी धडधड तिथंच उतरते.

याचीच उलटी चूक सीईटीत होते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी नीट-जेईईच्या भीतीनं पोरं तिथंही प्रश्न कोरे सोडून येतात. तिथं एकही प्रश्न सोडायचा नाही, शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखायची.

दुसरा उपाय जागरणाचा. बॅकलॉग वाढला की झोप कापायची. रात्री दहाला कडक कॉफी घेतली, तर त्यातलं कॅफीन पहाटे तीनलाही साधारण निम्मं अंगात असतं. मग झोप लागत नाही, आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. आमच्याकडे रात्रभर बसू द्या म्हणून भांडणारे असतात. मी अकराला दिवे घालवतो, शिव्या खातो. वरळीच्या अभ्यास गल्लीत रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून पोरं पुढे गेली, हे खरं. पण घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो म्हणून ती तिथं बसतात, झोप नको म्हणून नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्याचे मार्क बघून 'मोटिव्हेशन' घेणं, हा तिसरा. मॉकच्या दिवशी ग्रुप म्यूट करा, एवढंच.

घरच्यांचंही एक सांगतो. दारात चप्पल काढायच्या आत 'किती आले?' विचारू नका. एका काकूंना मी सुचवलं, रविवारी दुपारी जेवणं झाली की एकदाच विचारा. त्यांना ते जड गेलं, पण आठवड्याचे सहा दिवस तरी घर शांत राहिलं. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साधारण नव्वदांना तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत. 'शेजारच्याला बारावीला 92 टक्के होते' हे त्यापुढे ठेवून काही कळत नाही.

मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, पुस्तक उघडताच छाती भरून येते, किंवा 'मी नसतो तर बरं' असं तोंडातून निघतं, तेव्हा रकाने पाडत बसू नका. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं मुलाला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

शेवटी मुंबईचं खास दुखणं. नीट 2024 मध्ये 5 मेला झाली, 2025 मध्ये 4 मेला. दोन्ही रविवार. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद! पेपर दुपारी 2 ला असला तरी गेट दीडलाच बंद होतं, आणि ब्लॉक बहुतेकदा त्याच सुमाराला चालू असतो. म्हणून अ‍ॅडमिट कार्ड हातात आल्यावर परीक्षेच्या रविवारआधीच, त्याच वेळेला, सेंटरच्या गेटपर्यंत एकदा जाऊन या. गेल्या वर्षी आमचा एकजण कुर्ल्याला गाडी बदलायची म्हणून निघाला, तर हार्बर लाइन बंद. त्या दिवशी नुसतीच चक्कर होती. परीक्षेला तो सायनहून बसनं गेला आणि तासभर आधी गेटवर केळं खात उभा होता.