नाजूक त्वचेची रोजची राखण: सुरुवात न्हाणीतून

बेळगावात दिवाळीनंतर गारठा वाढला, की बंबातलं कढत पाणी तांब्यावर तांब्या घ्यावंसं वाटतं. नाजूक त्वचा बिघडते ती तिथेच.

आधी पाणी. मनगटाच्या आतल्या बाजूवर थोडं ओतून पाहा. चटका जाणवला तर विसण घाला. आंघोळ 5 ते 10 मिनिटांत आटपा. वज्री, घासणी नको. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरताच. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) 5 च्या आसपास असतो, वडीच्या साबणाचा 9 ते 10. म्हणून अंग ताणल्यासारखं वाटतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर अंगावर राहतो आणि खाज सुटते. तिथे साबणविरहित क्लेन्झर बरा.

मग पंचाने टिपा, चोळू नका. 3 मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. माप सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एका हाताला अशा 3 पट्ट्या, एका पायाला 6. ग्लिसरीन, सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) किंवा साधी पेट्रोलियम जेली चालते. मोहरीचं तेल टाळा. 'हर्बल' शब्दावर जाऊ नका, सुगंध नाही ना तेवढं बघा.

नवीन काहीही थेट तोंडाला फासू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावा. लाली किंवा खाज आली की ती वस्तू बाद. लिंबू चोळून उन्हात जाणं तर नकोच, त्याने त्वचा भाजते.

बेळगाव सुमारे 2500 फुटांवर. हवा गार, म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, लागतं. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर 2 तासांनी पुन्हा.

शेतात खरा वैरी काँग्रेस गवत. त्याचा त्रास पापण्या, मान आणि कोपराच्या वळणांवर आधी दिसतो. फुलण्याआधी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून उपटा. घरी आल्यावर कपडे वेगळे टाका आणि लगेच अंग धुवा. खानापूरकडे काजू फोडणाऱ्यांनीही हातमोजे सोडू नयेत, टरफलातल्या तेलाने हात पोळतात. टाचांच्या भेगांना लावतात तो बिब्बा त्याच कुळातला, फोड आणणारा.

मेडिकलमधून विचारून आणलेली 'गजकर्णाची ट्यूब' चेहऱ्याला लावू नका. तिच्यात बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे जोरकस स्टिरॉइड असतं. आधी उतार पडतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते, ऊन सोसत नाही. बरेच दिवस लावली असेल तर एकदम बंद केल्यावर भडका उडतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडा. पाणी सुटलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. 'पांढरी होती, निळं झाकण' एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.